मी साजन फर्नांडिस झाले तेव्हा

‘‘तुझा सगळ्यात फेव्हरेट रोमँटिक सिनेमा कोणता?’’

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात, दुपारच्या चहाला हा प्रश्न डेस्कवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझ्याआधी ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ येऊन गेला होता, ‘ये जवानी है दीवानी’ला दोन मतं पडली होती, ‘सैराट’ला तीन. एका सीनियर सरांनी डोळे मिटून ‘कभी कभी’ म्हटलं होतं. मी म्हटलं, ‘‘द लंचबॉक्स.’’

दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी म्हणालं, ‘‘अगं, पण त्यात ते दोघं भेटतच नाहीत!’’

हो. तेच तर. पण ‘तेच तर’ म्हणजे काय, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आता लिहितेय. आधीच सांगून ठेवते, पुढे सगळा सिनेमा शेवटापर्यंत आलाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या. पावणेदोन तासांचाच आहे. मी थांबते.

नाशिकला टाळ्या

‘द लंचबॉक्स’ भारतात रिलीज झाला 20 सप्टेंबर 2013 ला. तेव्हा मी दहा वर्षांची होते. थिएटरमध्ये वगैरे नाही, नंतर कधीतरी टीव्हीवर लागला तेव्हा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. मला त्यातल्या दोनच गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे, इरफान खान रिटायर झाल्यावर नाशिकला जाणार असं म्हणतो, तेव्हा आमच्या हॉलमध्ये अक्षरशः टाळ्या पडल्या. आम्ही नाशिकचे! बाबा म्हणाले, ‘‘बघा, हिंदीवाल्यांनाही कळलंय, म्हातारपण काढावं तर नाशकात.’’

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यावरची देशपांडे आंटी. ती सिनेमाभर एकदाही दिसत नाही. फक्त आवाज. खिडकीतून ओरडून रेसिपी सांगणार, दोरीला टोपली बांधून मसाला खाली सोडणार. तो आवाज भारती आचरेकरांचा. आईनं दुसऱ्या वाक्याला ओळखला.

सिनेमा संपला तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘संपला? हे काय?’’ आणि रिमोट शोधायला लागले. आई मात्र पाट्या संपेपर्यंत बसून होती. मग उठताना एवढंच म्हणाली, ‘‘रोज एवढं करायचं, आणि कुणी म्हणायचं नाही बरं झालंय की वाईट.’’ ती हे इलाबद्दल बोलतेय असं मला तेव्हा वाटलं होतं.

चूक होत नाही म्हणणाऱ्यांची चूक

गोष्ट साधी आहे. इला (निम्रत कौर) ही मुंबईतली गृहिणी. नवऱ्याचं तिच्याकडे लक्ष नाही. त्याच्या पोटातून मनात शिरावं म्हणून ती छान डबा बनवून पाठवते आणि तो डबा चुकून पोचतो साजन फर्नांडिसच्या (इरफान खान) टेबलावर. साजन म्हणजे सरकारी ऑफिसात क्लेम्स विभागात 35 वर्षं फायली बघणारा, बायको वारलेला, कुणाशी न बोलणारा माणूस. डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो. नवरा असा कधी खात नाही, त्यामुळे इलाला कळतं, गडबड आहे. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी टाकते. ‘डबा संपवल्याबद्दल धन्यवाद’ अशा अर्थाची. त्यावर साजनचं उत्तर काय? तर आज मीठ जास्त झालं होतं.

बस. लव्हस्टोरीची सुरुवात ही!

दिग्दर्शक रितेश बत्राला खरं तर डबेवाल्यांवर डॉक्युमेंटरी करायची होती. 2007 मध्ये तो त्यांच्याबरोबर फिरला. फिरता फिरता त्यांनी ज्या घरांतून डबे उचलले त्या घरांच्या गोष्टी त्याला कळत गेल्या, डॉक्युमेंटरी राहिली बाजूला आणि हा सिनेमा झाला. त्याची ही पहिलीच फीचर फिल्म. 2013 मध्ये कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये तिला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला मात्र ‘द गुड रोड’ हा गुजराती सिनेमा गेला आणि त्यावरून बराच आरडाओरडा झाला. नंतर ‘बाफ्टा’च्या नामांकनात ‘द लंचबॉक्स’ होता.

यातले डबेवाले खरेखुरे आहेत. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातून आलेली ही माणसं. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था इतकी चोख, की हार्वर्ड बिझनेस स्कूलनं तिच्यावर केस स्टडी केली. सिनेमात इला डबेवाल्याला सांगायला जाते की डबा चुकतोय, तर तो उलट तिलाच ऐकवतो, ‘हार्वर्डवाले येऊन बघून गेले, आमच्याकडून चूक होत नाही.’ मला हा सीन प्रचंड आवडतो. कारण ज्या व्यवस्थेत चूकच होत नाही तिथे झालेली एक चूक, एवढ्यावर हा अख्खा सिनेमा उभा आहे.

‘परळ’ म्हणता येत नाही म्हणून ‘दादर’

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बोलताना अडखळते. लहानपणापासून. नाशिकला दोन वर्षं स्पीच थेरपी घेतली, बराच फरक पडला, पण टेन्शन आलं की पुन्हा तेच. ‘प’, ‘क’ आणि ‘म’ ही माझी तीन शत्रूअक्षरं. तोंड उघडं, अक्षर ओठांवर तयार, पण ते बाहेरच येत नाही.

अडखळणाऱ्या माणसांकडे शब्द बदलायचं एक कौशल्य असतं. नाश्त्याला मला पोहे हवे असतात आणि मी इडली मागवते. मुंबईत आले तेव्हा परळला क्लास होता. तिकीट खिडकीवर मागे रांग, पुढे जाळी आणि मला ‘परळ’ म्हणायचंय. पहिल्या दिवशी ते जमलं नाही. मागचा माणूस म्हणाला, ‘‘अरे बोलो जल्दी.’’ मी म्हटलं, ‘‘दादर.’’ पुढचे तीन महिने मी दादरचं तिकीट काढून दादरला उतरायचे आणि परळपर्यंत चालत जायचे. पीजीतल्या मुलींना वाटायचं, मला चालायला आवडतं. मग कुणीतरी मोबाइलवर तिकिटाचं अॅप दाखवलं आणि सुटले.

तर, ‘द लंचबॉक्स’ मी दुसऱ्यांदा पाहिला तो एफवायला असताना, पीजीत, लॅपटॉपवर, रात्री अकराला. आणि मला एकदम लक्षात आलं, की या सिनेमात हिरो-हिरॉइन एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. आपल्याला ऐकू येतात ती त्यांची पत्रं. सगळं प्रेम लिहून! डबा निघाला की उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं, विचार करून पुन्हा लिहायचं. तिकडे कुणी ‘बोलो जल्दी’ म्हणत नाही.

त्या रात्री हा माझा सिनेमा झाला. मला वाटलं, माझ्यासारख्यांना असंच प्रेम करता येईल.

त्यात साजन लिहितो ते काही फार भारी नसतं. इरफान 29 एप्रिल 2020 ला गेला, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर याच सिनेमातला चुकीच्या गाडीचा आणि योग्य स्टेशनाचा डायलॉग होता. तो छान आहेच. पण मला जास्त आवडतं ते त्याचं दफनभूमीचं पत्र. बायकोला पुरलं तेव्हा आडवी जागा मिळाली होती, आता स्वतःसाठी बघायला गेला तर फक्त उभी जागा शिल्लक. आयुष्यभर ट्रेनमध्ये उभा राहिलो, आता मेल्यावरही उभाच, असं तो लिहितो. हसू येतं आणि मग एकदम येत नाही. आमच्याकडे आई कारल्याच्या भाजीत गूळ घालते. कारलं कडूच राहतं, पण आपण आणखी एक घास घेतो. तसा हा सिनेमा.

‘साजनगिरी करू नकोस’

दीड वर्षापूर्वी आमच्या फिल्म क्लबच्या ग्रुपवर या सिनेमाच्या शेवटावरून भांडण झालं. शेवटी इला दागिने विकून, मुलीला घेऊन भूतानला जायचं ठरवते. साजन नाशिकला निघतो आणि परत येतो. शेवटी तो लोकलमध्ये डबेवाल्यांबरोबर बसलेला दिसतो, त्यांचं भजन चालू आहे, तो तिचं घर शोधायला निघालाय. पोचतो का? सिनेमा सांगत नाही.

पुण्याच्या एका कॉलेजचा मुलगा होता ग्रुपवर. त्याचं म्हणणं, ‘पोचतो. बेल वाजवतो. तीच दार उघडते.’ मी म्हटलं, ‘तोवर ती गेलेली असते.’ भांडण ग्रुपवरून पर्सनलवर आलं आणि पाच महिने चालू राहिलं. म्हणजे भांडण दोन दिवसांत संपलं, चॅटिंग चालू राहिलं.

चॅटवर मी वेगळीच असते, खरंच. पटापट उत्तरं, जोक, टोमणे. तो लांबलचक मेसेज लिहायचा. मेसमधल्या आमटीबद्दल, त्याच्या आजोबांबद्दल, रात्री अभ्यास करताना खाली भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल. मी तेवढीच लांब उत्तरं द्यायचे. आवडायला लागला होता. त्यानं तीनदा कॉल केला. तिन्ही वेळा मी उचलला नाही आणि ‘नेटवर्क नाहीये रे’ असं टाइप केलं. नेटवर्क नाहीये हे व्हॉट्सअॅपवर सांगणारी मी जगातली एकमेव हुशार मुलगी असेन. तो काही बोलला नाही.

मग तो मुंबईला येणार होता. म्हणाला, भेटू. ‘द लंचबॉक्स’मधलं ते हॉटेल म्हणजे माटुंग्याचं ‘कूलर अँड कंपनी’, तिथेच भेटू म्हणाला. मी म्हटलं, नको, फारच फिल्मी होईल. दुसरं एक इराणी हॉटेल ठरलं. शनिवार, दुपारी एक. आदल्या रात्री त्याचा मेसेज आला : ‘नक्की ये हां. साजनगिरी करू नकोस.’ सोबत हसणारे तीन इमोजी.

मी बारा चाळीसलाच पोचले. समोरच्या फुटपाथवर रसाचं दुकान होतं, तिथे उभी राहिले. पाच मिनिटं तयारी करून मग आत जाऊ म्हटलं. पहिलं वाक्य ठरवत होते. ‘हाय, कधी आलास?’ ‘कधी’मध्ये ‘क’. ‘केव्हा आलास?’ त्यातही ‘क’च. ‘उशीर झाला नाही ना?’ हे जमलं असतं. पण त्यानंतरच्या वाक्याचं काय? पुढच्या दोन तासांतल्या सगळ्या वाक्यांचं काय?

पाच कमी एकला तो आला. इस्त्री केलेला चौकड्यांचा शर्ट. दाराकडे तोंड करून बसला. माझ्या फोनवर मेसेज, ‘आलोय. खिडकीजवळचं टेबल.’ मी तो रस्त्याच्या पलीकडून वाचला. तो वेटरशी काहीतरी बोलला, दोघं हसले. किती सहज बोलतो हा, असं मनात आलं. आणि माझे पाय जे रुतले ते रुतलेच.

त्यानं पाणी प्यायलं. चहा मागवला. पुन्हा पाणी. मधे कधीतरी दोन बन-मस्का आले, एक त्याच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. दोन वाजून दहा मिनिटांनी तो पैसे देऊन उठला. दुसरा बन-मस्का तसाच होता. मी रसाचे तीन ग्लास प्यायले होते आणि फोन एरोप्लेन मोडवर टाकला होता.

संध्याकाळी त्याचा मेसेज होता : ‘सगळं ठीक आहे ना? काळजी वाटतेय.’ तो मी नोटिफिकेशनमधूनच वाचला, ब्लू टिक जाऊ नये म्हणून. नंतर आणखी दोन आले. मग बंद झाले.

मी उत्तर दिलं नाही. एकालाही नाही.

खरं सांगू? पहिले काही दिवस मला स्वतःबद्दल थोडं ग्रेटच वाटत होतं. साजन नाही का हॉटेलात जाऊन, लांबून इलाला बघून, न भेटता परत येत! मीही तेच केलं. मी म्हणजे अगदी ट्रॅजिक हिरो वगैरे. रात्री दुःखी गाणी ऐकत बसायचे.

‘निदान लिहिलं तरी त्यानं’

पंधराएक दिवसांनी रूममेट म्हणाली, ‘‘तू सारखं लंचबॉक्स लंचबॉक्स करतेस, दाखव तरी एकदा.’’ म्हणून तिसऱ्यांदा पाहिला.

हॉटेलचा सीन आला. याआधी या सीनमध्ये मी नेहमी साजनबरोबर असायचे. त्या दिवशी सकाळी त्याला बाथरूममध्ये एक वास येतो, आजोबांच्या बाथरूमला यायचा तसा, आणि कळतं की तो आजोबांचा नाही, त्याचा स्वतःचा वास आहे. गर्दीच्या गाडीत एक पोरगा ‘अंकल’ म्हणून उठून जागा देतो. मला ती भीती कळायची. पत्रातला मी वेगळा, खरा मी वेगळा आणि समोर गेलो तर ती हे बघणार.

या वेळी मात्र मला फक्त इला दिसत होती. दाराकडे बघणारी. पाणी पिणारी. पर्सशी चाळा करणारी. पुन्हा पाणी पिणारी. माझ्या डोळ्यांपुढे चौकड्यांचा शर्ट.

दुसऱ्या दिवशी इला साजनला रिकामा डबा पाठवते. एवढ्या सगळ्या सिनेमात मला सर्वांत मोठ्यानं ऐकू येणारी गोष्ट म्हणजे तो रिकामा डबा. आणि मग साजन उत्तर लिहितो. मी आलो होतो. तुला पाहिलं. तू सुंदर दिसत होतीस. मी म्हातारा झालोय हे मला त्याच सकाळी कळलं, म्हणून पुढे आलो नाही. कालच्या लॉटरीचं तिकीट कुणी विकत घेत नाही, असं काहीसं तो लिहितो. सगळं खरं. स्वतःची लाज वाटेल एवढं खरं.

रूममेट उशीला टेकून म्हणाली, ‘‘निदान लिहिलं तरी त्यानं.’’

ती हे सहज बोलली. तिला माझं काहीच माहीत नव्हतं. मी लॅपटॉप पॉज केला आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेले.

मी साजनचा अर्धाच सीन उचलला होता. लांबून बघून परत जायचं, एवढाच. दुसऱ्या दिवशीचं पत्र मी सोयीनं विसरले होते. साजन इलाला न भेटता परत गेला, पण त्यानं तिला वाऱ्यावर सोडलं नाही. माझ्यामुळे झालं, तुझ्यात काही कमी नव्हतं, हे तिला सांगायला तो चुकला नाही. त्या एका पत्रामुळे तो साजन आहे. ते पत्र काढून टाका, मग राहतो तो फक्त हॉटेलात न आलेला एक माणूस.

आपल्याकडे याला आता घोस्टिंग म्हणतात. कॉलेजमध्ये हा शब्द आपण किती मजेत वापरतो. ‘अरे त्यानं घोस्ट केलं तिला.’ आणि करणारा जो असतो, त्याला नेहमी वाटत असतं की त्याच्याकडे खूप मोठं, खूप खासगी कारण आहे. मलाही वाटत होतं. कारण होतंही. पण पलीकडच्याला ते कारण दिसत नाही, त्याला दिसते रिकामी खुर्ची आणि गार झालेला बन-मस्का.

त्या रात्री उरलेला सिनेमा बघताना एक गोष्ट कळली. हा सिनेमा दोघं भेटतात की नाही याचा नाहीच. तो उत्तर देण्याचा आहे. मीठ जास्त आहे, याचंही उत्तर. पुढच्या डब्यात मुद्दाम मिरच्या जास्त, तर त्यावर साजनचं उत्तर, दोन केळी खाल्ली. रिकाम्या डब्याचंही उत्तर. कुणीतरी आपलं वाचतंय आणि उत्तर देतंय, एवढ्यानं माणसं हलतात. इलाचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं आजारी आहेत हे वाचून साजन सिगारेट सोडायला बघतो. ज्या शेखला (नवाजुद्दीन सिद्दिकी) तो आधी जवळही करत नव्हता, त्याच्याबरोबर डबा खातो. हा शेख लोकलमध्ये ऑफिसच्या फायलीवर भाजी चिरतो आणि ‘माझी अम्मी म्हणायची’ असं सारखं सांगतो, खरं तर तो अनाथ आहे. अम्मीचं नाव घेतलं की बोलण्याला वजन येतं, म्हणून. त्याच्या लग्नात नवऱ्याकडचा माणूस म्हणून साजन उभा राहतो. इला गप्प सोसायचं थांबवते. एकमेकांना न भेटताच दोघांनी एकमेकांना जागेवरून हलवलेलं असतं. म्हणूनच त्यांचं न भेटणं एवढं लागतं आणि तरीही सिनेमा बघून आपण रिकाम्या हातानं उठत नाही.

उशिरा गेलेला डबा

सतराव्या दिवशी मी त्याला लिहिलं. एकच मोठा मेसेज. मी आले होते. रसाच्या दुकानापाशी उभी होते. तू चौकड्यांचा शर्ट घातला होतास. मी बोलताना अडखळते, म्हणून कॉल उचलत नव्हते, म्हणून आत आले नाही. नेटवर्कचं खोटं होतं. तुझं काहीही चुकलं नव्हतं. पाठवायच्या आधी मी ते अकरा वेळा वाचलं आणि पाठवल्यावर फोन उशीखाली ठेवून जेवायला गेले.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की त्याला वाटलं मी मैत्रिणींना घेऊन समोर कुठेतरी उभी राहून त्याची मजा बघत असेन. त्या दिवसापासून तो ग्रुपवर काही लिहायचाही बंद झाला होता. हे मला माहीतच नव्हतं. मी दुःखी गाणी ऐकत होते तेव्हा तो हा विचार करत होता. पुढे एक वाक्य होतं, ते मला पाठ झालंय : ‘तू अडखळतेस म्हणून मी रागावलो नसतो. तू गायब झालीस म्हणून रागावलोय.’

शेवटी लिहिलं होतं, सांगितलंस ते बरं केलंस, पण पुन्हा तिथूनच सुरू करणं मला जमेलसं वाटत नाही.

बरोबरच होतं त्याचं. मी वाद घातला नाही.

एकच गोष्ट केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी व्हॉइस नोट पाठवली. दोन मिनिटं दहा सेकंदांची. ‘माफ कर’नं सुरुवात करायची ठरवली आणि ‘म’ हे माझं शत्रूअक्षर. पहिले चार सेकंद त्यात फक्त मी ‘म’वर अडकलेली आहे. नंतर ‘प’वर दोनदा. डिलीट करून पुन्हा रेकॉर्ड करावंसं फार वाटत होतं. केलं नाही. पाच महिन्यांची चॅटवरची फर्डी मी त्याला माहीत होतेच, ही दुसरी मीही एकदा त्याला भेटू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो छोटा माइक निळा झाला. म्हणजे त्यानं ऐकली. उत्तर आलं नाही, आणि या वेळी उत्तराचं देणं त्याच्याकडे नव्हतंच.

आम्ही आता बोलत नाही. त्यानं त्या ग्रुपवर पुन्हा लिहायला सुरुवात केलीय, एवढं दिसतं. मध्यंतरी कुणीतरी तिथे पुन्हा ‘लंचबॉक्स’च्या शेवटाचा विषय काढला. तो अजूनही म्हणतो, साजन पोचतो, बेल वाजवतो. मी काही लिहिलं नाही. पण आता मलाही वाटतं, की पोचत असेल. आणि नाही पोचला तरी तो निघाला होता, हे आपण पाहिलंय.

एक छोटी गोष्ट आईची. मागच्या महिन्यात तिनं नाशिकहून येणाऱ्या काकांबरोबर डबा पाठवला होता. गूळ घातलेलं कारलं, दशम्या, लसणाची चटणी. चार वर्षं असे डबे येतायत आणि मी ‘मिळाला’ एवढाच मेसेज टाकत आलेय. या वेळी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून पाठवली. कारलं एक नंबर, चटणीत मीठ जरा जास्त. आईचा फोन आला. आधी मिठावरून पाच मिनिटं वाद घातला. मग जरा थांबून म्हणाली, ‘‘चिठ्ठी ठेवलीय मी.’’

तर, त्या दिवशी डेस्कवर ‘ते दोघं भेटतच नाहीत’ असं कुणीतरी म्हणाल्यावर ‘कभी कभी’वाल्या सरांनी विचारलं, ‘‘पण मग तुला का आवडतो?’’ मी सांगायला तोंड उघडलं आणि ‘क’वर अडकले. ‘कारण’मधल्या. आधी असती तर ‘असंच’ म्हणून सोडून दिलं असतं. या वेळी थांबले. सरही थांबले, बाकीचेही. चहा गार झाला असेल थोडा. ‘कारण’ बाहेर आलं. पुढचं फार लांब होतं, म्हणून म्हटलं, लिहून देते.

ते हे. आणि तुमच्याकडे कुणाचा डबा असाच उत्तराविना पडून असेल, तर शनिवार-रविवार आहेच. सिनेमा नंतर बघा, आधी ती चिठ्ठी लिहा.